साधनेचा अभिमान आणि वाळवंटातले लोटांगण

पैशाचा, रूपाचा किंवा अधिकाराचा गर्व ओळखायला फारसे शिकावे लागत नाही. तो बोलण्यात येतो, वागण्यात दिसतो आणि ज्याला झाला आहे त्याच्या घरच्यांनाही खुपतो. परंतु वर्षानुवर्षे एकादशी न चुकवणाऱ्या, नेमाने पारायण करणाऱ्या, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणाऱ्या माणसाच्या मनात ‘आपण इतरांपेक्षा देवाच्या जवळचे आहोत’ ही भावना हळूहळू घर करते, तेव्हा ती ओळखणे फार कठीण असते. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळावर बुक्का असतो, आणि ती ज्याच्या मनात असते त्याला ती श्रद्धाच वाटते. हिंदू धर्मग्रंथांनी, आणि विशेषतः महाराष्ट्रातल्या संतांनी, या दुसऱ्या प्रकारच्या गर्वाचा विचार अतिशय बारकाईने केला आहे.

या विचाराची सुरुवात समजून घेण्यासाठी केनोपनिषदातली एक कथा उपयोगी पडते. देव आणि असुर यांच्या संग्रामात ब्रह्माच्या सामर्थ्याने देवांना विजय मिळाला, पण देवांना वाटले की हा विजय आपलाच, हा महिमा आपलाच. तेव्हा ब्रह्म त्यांच्यापुढे एका यक्षाच्या रूपात प्रकट झाले. हे कोण आहे ते पाहून यावे म्हणून देवांनी अग्नीला पाठवले. ‘पृथ्वीवरचे सर्व काही मी जाळू शकतो’ असे अग्नीने सांगितल्यावर यक्षाने त्याच्यापुढे गवताची एक काडी ठेवली आणि ‘ही जाळ’ एवढेच म्हटले. अग्नीने सगळा जोर लावला, काडी जळली नाही. वायूला ती हलवता आली नाही. शेवटी इंद्र गेला, तर यक्षच अदृश्य झाला. मात्र इंद्र मागे न फिरता तेथेच थांबला, त्याने हैमवती उमेला विचारले, आणि तो विजय खरोखर कोणाचा होता हे त्याला कळले.

या कथेत अग्नी खोटे बोलत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो जाळू शकतो हे खरेच आहे. त्याची चूक एवढीच की ती शक्ती आपली स्वतःची, स्वतंत्र आहे असे त्याने धरले. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हेच वेगळ्या शब्दांत येते: कर्मे प्रकृतीच्या गुणांमुळे घडत असतात, पण अहंकाराने मोहित झालेला माणूस ‘मी कर्ता आहे’ असे मानतो. हिंदू अध्यात्मात गर्वावर जी टीका आहे तिचे मूळ या कर्तेपणात आहे. स्वतःला तुच्छ लेखावे, आपल्यात काहीच चांगले नाही असे मानावे, अशी मागणी तेथे नाही. जे चांगले घडते आहे त्याच्यावरची आपली मालकी सोडावी, अशी मागणी आहे. हा फरक निसटला की विनम्रतेचा सगळा विचार विपरीत दिशेने जातो.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीची लक्षणे सांगताना दंभ, दर्प आणि अभिमान यांचा उल्लेख अगदी आरंभी होतो. त्याच अध्यायात पुढे त्या वृत्तीच्या माणसाच्या तोंडी जी वाक्ये घातली आहेत, त्यांत ‘मी यज्ञ करीन, मी दान देईन, मी मौज करीन’ हेही आहे. म्हणजे यज्ञ आणि दान या धर्मकृत्यांनाही आसुरी वृत्तीच्या यादीत जागा मिळू शकते, आणि ती ‘मी’मुळे मिळते. आजच्या काळातली महाप्रसादाची पंगत, तिच्या मंडपावर यजमानाच्या नावाचा आणि छायाचित्राचा भला मोठा फलक, आणि नाव नीट छापले गेले नाही म्हणून झालेला रुसवा हे दृश्य आपल्याला नवीन नाही. पंगतीत बसलेल्याचे पोट भरतेच, त्यामुळे ते दान वाया गेले असे म्हणता येत नाही. पण देणाऱ्याच्या साधनेच्या खाती त्यातले काय जमा होते, हा प्रश्न गीतेने तेव्हाच विचारून ठेवला आहे.

भक्तिमार्गात हा प्रश्न आणखी अवघड होतो. ज्ञानमार्गी माणसाला ज्ञानाचा गर्व होईल आणि भक्ताला मात्र होणार नाही, असे एक सोयीस्कर समीकरण आपण पुष्कळदा ऐकतो. भागवतपुराण ते मान्य करीत नाही. दशम स्कंधातल्या रासाच्या प्रसंगात गोपी घरदार सोडून कृष्णाकडे धावत येतात. त्यांच्या भक्तीविषयी शंका घ्यायला जागाच नाही. तरीही कृष्णाचे सान्निध्य मिळताच त्यांना आपल्या सौभाग्याचा अभिमान होतो, आणि कृष्ण त्यांच्यामधून नाहीसा होतो. कशासाठी, तेही भागवतकार सांगतात: त्यांचा गर्व शमवण्यासाठी आणि त्यांच्यावर कृपा करण्यासाठी. देवाचे दूर होणे ही येथे शिक्षा म्हणून आलेली नाही, ती कृपाच म्हणून आली आहे. त्यानंतर त्या गोपी झाडावेलींना कृष्णाचा ठावठिकाणा विचारत रानात हिंडतात, आणि भागवतातले अत्यंत उत्कट असे गोपीगीत त्या विरहातून जन्माला येते.

आपल्याकडे हाच विषय नामदेवांच्या कथेत आला आहे, आणि माझ्या मते एवढ्या स्पष्टपणे तो क्वचितच कोठे मांडला गेला असेल. नामदेव हे विठ्ठलाचे लाडके भक्त. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, अशी त्यांची ख्याती. परंपरा सांगते की तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने त्यांना विचारले, ‘काका, यांतली मडकी कच्ची किती आणि पक्की किती?’ गोरोबा जातीचे कुंभार. त्यांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ते मारत निघाले. बाकीचे संत शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र हा अपमान वाटला. आपण पंढरीनाथाचे सखे, आणि आपल्या डोक्यावर थापटणे? गोरोबांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे आहे.

नामदेव तडक पंढरपुरास गेले आणि देवाकडे तक्रार केली. त्यांची अपेक्षा सरळ होती की देव आपली बाजू घेईल. देवाने बाजू घेतली नाही. संत म्हणाले ते खरे आहे, तू अजून गुरू केलेला नाहीस, असे सांगून विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. औंढा नागनाथाच्या देवळात नामदेव पोहोचले तेव्हा विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले होते. नामदेवांनी त्यांना पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो आहे, जेथे देव नाही तेथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे वळवले तिकडे लिंग उभे राहिले.

ही कथा लहानपणापासून ऐकलेली असल्यामुळे तिच्यातला मुद्दा आपल्या हातून निसटतो. नामदेवांचा अभिमान खोट्या गोष्टीवर उभा नव्हता. विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता, हे कथेला पूर्ण मान्य आहे. अनुभव खरा होता, प्रेम खरे होते, आणि नेमका त्यामुळेच अभिमान दिसत नव्हता. खोटी प्रौढी मिरवणाऱ्याला निदान आतून कोठेतरी ठाऊक असते की आपण फुगवून सांगत आहोत. खऱ्या गुणावर बसलेल्या अभिमानाला असा कोणताच आतला साक्षीदार नसतो. त्याला बाहेरचे थापटणेच लागते. आणि विसोबांनी दिलेला धडाही ‘तू लहान आहेस’ असा नव्हता. ‘तुझा देव लहान करून ठेवलास, तो एका गाभाऱ्यात बसवलास’ असा तो होता. देव सर्वत्र आहे हे कळले की ‘देव माझा विशेष’ या भावनेला आपोआप जागा उरत नाही. पुढे हेच नामदेव कीर्तन करीत उत्तरेत पंजाबपर्यंत गेले, घुमान येथे राहिले, आणि त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कच्चे मडके म्हटले गेल्याची कथा वारकऱ्यांनी लपवली नाही, उलट कीर्तनांतून आजवर सांगत आणली, याचे मला फार महत्त्व वाटते.

चांगदेवांची कथा याच जातीची, पण सोपी आहे, कारण त्यांचा गर्व सिद्धींचा होता आणि सिद्धींचा गर्व उघड दिसतो. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांच्या मेळ्यासह ते आळंदीकडे निघाले. चारही भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच ज्ञानदेवांनी चालवली, आणि चांगदेव नमले. त्यांनी आधी पाठवलेले कोरे पत्र पाहून चौदाशे वर्षे जगूनही हे कोरेच राहिले असे मुक्ताबाईने म्हटले, आणि पुढे त्याच मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू केले. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर म्हणजे चांगदेवपासष्टी. गंमत म्हणून नव्हे, विचारासाठी नोंदवावे असे हे की नामदेव आणि चांगदेव या दोन्ही कथांत पहिला बोचरा शब्द त्या मंडळीतल्या सर्वांत धाकट्या मुलीचा आहे.

ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत या विषयाचे सर्वांत सूक्ष्म विवेचन तेराव्या अध्यायात आढळते. गीतेच्या त्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिलेच लक्षण अमानित्व, म्हणजे मानाची इच्छा नसणे, असे दिले आहे. गीतेत तो एक शब्द आहे. ज्ञानदेव त्याच्यावर थांबून एक संपूर्ण माणूस उभा करतात. ‘आथिलेचि गुण वानितां’, म्हणजे अंगी खरोखर असलेल्या गुणांचीच कोणी स्तुती करू लागले, तरी हा माणूस गडबडून जातो, पारध्याने कोंडलेल्या हरणासारखा, किंवा हाताने पोहताना भोवऱ्यात सापडलेल्यासारखा. सर्वज्ञता बृहस्पतीच्या तोडीची असली तरी महिमा वाढेल या भीतीने तो वेडेपणात दडतो. ‘चातुर्य लपवी । महत्त्व हारवी । पिसेपण मिरवी । आवडोनि’, असे त्याचे वागणे असते.

याच वर्णनात पुढे येणारी एक ओवी मला सर्वांत मोलाची वाटते. ‘माझें असतेपण लोपो । नामरूप हारपो । मज झणें वासिपो । भूतजात’. माझे अस्तित्व लोपून जावो, माझे नाव आणि रूप हरपून जावो, आणि माझ्यामुळे कोणताही जीव दचकू नये. ज्ञानदेव म्हणतात, हे त्या माणसाचे नवस आहेत. आपण नवस बोलतो ते काहीतरी मिळावे म्हणून. हा माणूस नवस बोलतो तो आपले कोणाला दडपण वाटू नये म्हणून. विनम्रतेची यापेक्षा उपयुक्त कसोटी मला माहीत नाही. स्वतःविषयी मनात काय वाटते हे तपासणे फसवे असते, कारण मन आपल्याला हवे ते सांगते. आपण खोलीत शिरल्यावर घरातली सून, कार्यालयातला शिपाई, देवळातला झाडूवाला दचकतो का, हे मात्र डोळ्यांनी पाहता येते.

केवळ विचार सांगून वारकरी संप्रदाय थांबला नाही. त्याने अंगवळणी पडेल अशी एक रीत घालून दिली. वारीच्या वाटेवर दोन वारकरी भेटतात तेव्हा हात जोडून काम भागत नाही. दोघेही वाकतात आणि दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात. सत्तरीचे, पागोटे घातलेले आजोबा समोरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या पायांशी वाकतात, तो मुलगा ओशाळून आणखी खाली वाकतो, कधी दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, आणि दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणून पुढे चालू लागतात. कीर्तनात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हाही देणारा आणि घेणारा असेच एकमेकांच्या पाया पडतात.

एरवीच्या आपल्या रिवाजात नमस्कार एकाच दिशेने जातो: धाकटा थोरल्याला, शिष्य गुरूला, यजमान भटजींना. अशा नमस्काराने करणारा नम्र होत असेलही, पण घेणाऱ्याच्या पदरात मान पडतोच, आणि रोज पडणारा मान कोणाला पचतो आणि कोणाला नाही हे सांगता येत नाही. परस्परांच्या नमस्कारात नुसता मान घेणारा कोणी उरतच नाही. ‘जे जे भेटे भूत । ते ते मानिजे भगवंत’ ही ज्ञानेश्वरीतली ओवी येथे अक्षरशः पाळली जाते. तुकोबांनी चंद्रभागेच्या वाळवंटातल्या खेळाचे वर्णन करताना ‘क्रोध अभिमान केला पावटणी । एक एका लागतील पायीं रे’ असे म्हटले आहे, आणि पुढे ‘वर्ण अभिमान विसरली याति । एक एकां लोटांगणीं जाती’ असेही. अभिमान मनातून समूळ गेल्यावर मग पाया पडायचे, असा क्रम येथे नाही. आधी वाकायचे, अभिमानावर पाय देऊन वाकायचे. मनाला मागून यायला वेळ लागला तरी चालेल. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा फार दयाळू मार्ग आहे.

अर्थात हीच वारी मानपानापासून पूर्णपणे मुक्त आहे असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या मागे. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला असतो. एवढा मोठा जनसमुदाय शिस्तीने चालायचा तर क्रम हवाच. पण क्रमाचा मान होतो, मानाचा हक्क होतो आणि हक्काचे भांडण होते, हे संस्थांच्या बाबतीत सर्वत्र घडते. म्हणूनच ती परस्परांच्या नमस्काराची रीत रोज आणि वाटेवर पाळावी लागते, वर्षातून एकदा पाळून भागत नाही.

आता ज्या ठिकाणी या विषयावर सर्वाधिक गैरसमज होतात त्याकडे वळले पाहिजे. विनम्रता ही स्वतः स्वीकारायची गोष्ट आहे. दुसऱ्यावर लादलेली विनम्रता म्हणजे अन्याय. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. तिच्याजवळच चोखामेळ्यांची समाधी आहे. दोन्ही जागा देवळाच्या दाराबाहेरच्या, दोन्ही संत थोर; पण एकाने ती जागा निवडली आणि दुसऱ्याला अस्पृश्य ठरवून जन्मभर आत जाऊ दिले गेले नाही. चोखोबांच्या अभंगांत दैन्य आहे, विठ्ठलापुढे ते ‘जोहार’ घालतात, परंतु ‘धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद । बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध’ असे विचारायलाही ते कचरत नाहीत, आणि ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हे ठणकावून सांगतात. देवापुढे लीन असणारा माणूस माणसांच्या अन्यायापुढे गप्प बसला नाही. ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. उपोषण करणारे गुरुजी नम्र होते. अडवणारे धर्माच्या नावाने बोलत होते, आणि सोवळ्याचा अभिमान किती कठीण असतो हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

तुकोबांचेही तसेच. ‘लहानपण दे गा देवा’ म्हणणारे तुकोबा ‘नाठाळाचे माथी हाणू काठी’ असेही म्हणतात, आणि ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ हे त्यांचेच शब्द आहेत. ‘वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा’ हा चरण तर वरवर पाहता गर्वाचाच वाटतो. त्याचा उलगडा त्यांच्याच दुसऱ्या अभंगात मिळतो: ‘आपुलिया बळें नाही मी बोलत । सखा कृपावंत वाचा त्याची’, साळुंकी गोड बोलते पण तिला शिकवणारा धनी वेगळाच असतो. ज्याने बोलण्याचे कर्तेपण सोडले आहे त्याला बोलण्याची भीतीही उरत नाही, कारण हरण्यासारखे त्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले नसते. भित्रेपणा आणि नम्रता यांत हा भेद आहे. तुकोबांना विरोध करणारे वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच भक्त झाले, आणि आज घरोघरी म्हटली जाणारी ‘आरती तुकारामा’ त्यांचीच आहे. तिच्यात ‘म्हणोनि रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें’ असे त्यांनी स्वतःचे नाव घालून नोंदवले आहे. एका ब्राह्मण पंडिताने कुणबी वाण्याच्या पायांवर डोके ठेवले, आणि ते गुपचूप केले नाही.

दैन्याचाही दिखावा होऊ शकतो, आणि तो दंभात मोडतो. नावामागे ‘दासानुदास’ लावायचे आणि आसन मात्र सगळ्यांत उंच मागायचे, ‘मी कोण करणारा, सगळे महाराजांचे’ असे म्हणून पुढच्या वाक्यात केलेल्या सेवेचा हिशोब सांगायचा, हे प्रकार सर्वांनी पाहिलेले आहेत. शिष्यांकडून सतत लीनता मागणारा पण स्वतः कधीच कोणापुढे न वाकणारा गुरू दिसला, तर साधकाने सावध झालेले बरे. गोरोबांनी थापटणे सर्वांच्या डोक्यावर मारले होते, एकट्या नामदेवांच्या नव्हे.

मग अभिमान पूर्ण संपतो का, आणि संपायलाच हवा का? नारदभक्तिसूत्रे याचे उत्तर दोन टप्प्यांत देतात. देवालाही अभिमानाचा तिटकारा आहे आणि दैन्य प्रिय आहे, असे एक सूत्र सांगते. अभिमान, दंभ वगैरे टाकावेत असे दुसरे सांगते. आणि लगेच पुढचे सूत्र म्हणते की सर्व आचरण देवाला अर्पण केल्यावर काम, क्रोध, अभिमान हे करायचेच असतील तर त्याच्याच ठायी करावेत. तुलसीदासांच्या रामचरितमानसात सुतीक्ष्ण मुनी रामाकडे नेमके हेच मागतात: ‘अस अभिमान जाइ जनि भोरे । मैं सेवक रघुपति पति मोरे’, मी सेवक आणि रघुपती माझा स्वामी, हा अभिमान मात्र चुकूनही जाऊ नये. या अभिमानाला परवानगी मिळण्याचे कारण असे की त्याने कोणी दुसरा खाली ढकलला जात नाही. ‘मी त्याचा’ असे म्हणणाऱ्याला शेजारचाही ‘त्याचाच’ असल्याने काही गमवावे लागत नाही. गोरोबांच्या अंगणात नामदेवांना ‘तो माझा’ असे वाटत होते.